सहाशे सतरापर्यंत

“शेवटच्या दिवशीबी भागाकारच करून राहिले होते,” मोठी आई आतल्या खोलीत कोणाला तरी सांगत होती. “म्या म्हटलं, दवाखान्यात तरी सोडा... तं म्हणे, तू सलाइनकडे पाय, मी बाकीकडे पायतो.” बायका हसल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. मी सौसरच्या त्या घराच्या दारातच उभी राहिले.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठी आई त्यांची बायको. नगरपालिकेत पाणी सोडायचं काम. एका मोहल्ल्याचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि दुसऱ्याची वेळ होईपर्यंत टाकीखालच्या ओट्यावर वही घेऊन बसायचं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, एकोणसाठ की एकोणसत्तर, अजून अडखळते. फारशी बोलत नाही. त्यांच्याशेजारी न बोलताही बसता यायचं. मागच्या हिवाळ्यात त्यांनी मला एक गंमत दाखवली. दोनचा वर्ग चार, चारचा सोळा, सोळाचा २५६, त्याचा ६५५३६. प्रत्येकात एक मिळवला की ५, १७, २५७, ६५५३७. सगळ्या मूळ संख्या, स्वतःशिवाय आणि एकाशिवाय कशानेच भाग न जाणाऱ्या. मग पुढची लिहिली, ४२९४९६७२९७. “हे बी मूळच निघते, पाहजो. अन् मोबाइलले नको इचारू बरं!”

मी विचारलं. घरी पोहोचायच्या आत. तिला ६४१ ने भाग जातो. कोणीतरी जवळपास तीनशे वर्षांपूर्वीच शोधून ठेवलं होतं.

सांगायला हवं होतं... पण दुसऱ्या दिवशी ते तीनने भागत बसले होते, मग पाचने. शेवटी सात आहे, पाचने जाणार नाही हे दिसतच होतं, तरी केला. “दिसणं येगळं, करणं येगळं.” रोज एकच भागाकार, पुढच्या मूळ संख्येने, दोनदा तपासून. मी मनाशी धरलं की चार महिन्यांत ६४१ येईल, तेव्हा शोध त्यांचाच असेल आणि त्या सकाळी मी ओट्यावर असेन. एकदा त्यांनी विचारलं, “तुले काय वाटते वं?” मी खांदे उडवले. “बोलत जाय पोरी, नळबी पाणी याच्या आधी आवाज करते.”

नागपूरच्या दवाखान्यात वही सोबत गेली. शेवटचा पुरा झालेला भागाकार ६१७ चा, बाकी ६४. मग ६१९, ६३१, आणि... तीनच सकाळी राहिल्या होत्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्यांच्या नावाने बुद्धवंदना होऊन लोक गेल्यावर मोठ्या आईने ती वही माझ्या मांडीवर ठेवली. “तुले तं गणित समजते. ते म्हणत तसंच होतं न? मूळच होती न ते?” तिला एवढंच ऐकायचं होतं, आणि एका ‘हो’ने काम झालं असतं. ६१७ च्या खाली पेन्सिलीने ६१९ मांडून ठेवला होता, भागाकाराची रेघही ओढलेली... दुसऱ्या दिवसासाठी.

“नाही, मोठी आई,” मी म्हणाले. “सहाशे एक्केचाळीसनं भाग जाते. मले पैल्या दिवसापासून माहीत होतं.”