लाल दोऱ्याची फळं

संशोधन केंद्राच्या काचगृहात त्यांना सगळे चिमटामावशी म्हणत. शाळा चौथीतच सुटलेली; पण टोमॅटोची मिटलेली कळी चिमट्याने उघडून तिच्यातले पुंकेसर अलगद काढावेत ते मावशींनीच. इतरांच्या हाती कळीचा नुसता चोळामोळा व्हायचा.

यंदा त्यांनी घरच्या वाणाच्या फुलांवर रानटी टोमॅटोचे पराग टेकवले होते. रानट्याला रोग शिवत नाही, तो गुण घरच्यात आणायचा होता. तीन वर्षं पदरी काही पडलं नव्हतं. आता चारच फळं धरली होती आणि त्यांतून एक तरी रोप मिळालं नाही, तर काम बंद होणार होतं.

नव्या माणसाला मावशी समजावायच्या, "परागाची नळी खाली जाते, तिच्यातून नराचे दोन कण उतरतात. एकाचं बाळ होतं, दुसरा बाळाच्या खाऊची कोठी भरतो. ह्या रानट्या सोयरिकीत कोठीच नासते, बाळ उपाशी मरतं. म्हणून त्याला वेळेत बाहेर काढून बाटलीतल्या खाऊवर ठेवायचं."

वेळेतच, हे महत्त्वाचं. भ्रूण नुसता गोळा असेल तर बाहेर तगत नाही. बदामाचा आकार आला की तगू शकतो.

हे काम चालवणाऱ्या संशोधक मॅडमच्या पुस्तकात त्यासाठी पराग लावल्यापासूनचा विसावा दिवस दिला होता.

"थंडी होती हो मध्ये," मावशी म्हणाल्या. "आत सगळं सावकाश चाललंय. थांबा थोडं."

"मावशी, ते माझ्यावर सोडा."

विसाव्या दिवशी मॅडमनी पहिलं फळ चिरलं. सूक्ष्मदर्शकाखाली इवलासा गोळा दिसला, आणि सुई लागताच फुटला. मॅडमचा चेहरा पडला.

दुसरी कुणी असती तर 'मी म्हटलं नव्हतं?' म्हणून मोकळी झाली असती. मावशींनी मॅडमना शेजारच्या रोपांकडे नेलं. रानट्याचे पराग टेकवले त्याच सकाळी त्यांनी तिथल्या काही फुलांवर घरचेच पराग लावून लाल दोरे बांधून ठेवले होते. दर वर्षी ठेवायच्या, कुणी विचारलं नव्हतं इतकंच. "रोज ह्यातलं एक चिरून बघा. ह्यांना बदाम आला की आणखी एक दिवस थांबायचं. रानट्याचं मागेच असतं."

चौथ्या दिवशी लाल दोऱ्याच्या फळात बदाम दिसला. पाचव्या दिवशी मॅडमनी जीव मुठीत धरून उरलेली तिन्ही चिरली. दोहोंत कोठीचं पाणी झालेलं, भ्रूण सुकलेले. तिसऱ्यात बदाम होता. मॅडमनी सुई मावशींपुढे धरली. मावशींनी श्वास रोखून तो कण उचलला आणि बाटलीत ठेवला.

तीन आठवड्यांनी बाटलीत दोन हिरवी पानं उभी राहिली. काचगृहात सगळे नाचायचेच बाकी होते. मावशी मात्र एका बाजूला चिमटे पुसत बसल्या होत्या.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"पहिल्यातलंही जगलं असतं कदाचित. मी जरा जोरात बोलायला हवं होतं."

मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुम्ही पुरेसं बोलला होतात, मावशी," त्या म्हणाल्या. "मीच ऐकलं नाही."

मग त्यांनी कपाटातून लाल दोऱ्याचं रीळ काढलं आणि पुढच्या कळ्यांसाठी त्याचे तुकडे करायला मावशींशेजारी बसल्या.