एक्स-रेचा पंजा

आमची मावशी दवाखान्याच्या दारात चौकशीच्या टेबलावर बसायची. बावीस वर्षं. "कुठं जायचंय?" विचारायचं आणि बोटानं वाट दाखवायची, एवढंच काम. काका गेल्यापासून घर तिच्याच पगारावर चालायचं.

मग मोठ्या साहेबांनी एक डिझायनर आणला. गळ्यात मफलर, तोंडात सारखी 'दृश्यभाषा'. त्यानं जुन्या पाट्या उतरवल्या आणि सगळीकडं निळी चित्रं लावली. औषधालाही अक्षर ठेवलं नाही! चित्र सगळ्यांना कळतं म्हणे, मग चौकशीला माणूस कशाला? ठरलं असं, की महिनाअखेर कमिटी येईल आणि दिवसभरात एकही माणूस वाट चुकला नाही, तर मावशीला घरी बसवायचं.

मी मनातून खूश होते, कारण चित्रांनी नुसता गोंधळ माजला होता. बाळंतिणींच्या वॉर्डावर मोठ्या गोलात छोटा गोल. लोक ताट-वाटी समजून चहा मागायला आत शिरायचे. एक्स-रेच्या दारावर हाडांचा उघडा पंजा. तो बघून माणसं मुकाट बाहेर थांबायची. आत एक्स-रेवाला जांभया देतोय आणि बाहेर ही रांग!

"लोकांना जाण नाही," डिझायनर म्हणाला.

"पंजा दिसला की थांबायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं," मावशी म्हणाली. "तुम्हालाच कसं कळलं नाही?"

त्यानं ते 'अभिप्राय' म्हणून वहीत टिपून घेतलं. मेला!

कमिटीच्या दिवशी सकाळी मी मावशीला बजावलं, "आज तोंड उघडायचं नाही. भटकू दे लोकांना." तिनं मान डोलावली.

संध्याकाळी निकाल लागला. चिन्हं यशस्वी, एकही रुग्ण चुकला नाही. डिझायनरला टाळ्या, मावशीचं टेबल बंद.

माझं डोकंच फिरलं. "एक दिवस, मावशी! एक दिवस गप्प बसवलं नाही तुला?"

"बसले होते गं, चांगली अर्धा तास," ती म्हणाली. "एक म्हातारी त्या पंज्यापुढं थांबली होती. घोटा हा एवढा सुजलेला, एका पायावर उभी. म्हटलं, आजी, आत जा. मग काय, सगळेच विचारायला लागले."

"आणि कमिटी? ती काय झोपली होती?"

"नाही गं. त्यांना साहेबांची खोली सापडत नव्हती. मीच नेऊन सोडलं."