एकाच्या जागी नऊ

वर्ध्यात घर घ्यायचं ठरलं तेव्हा मी समुद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते आणि नवरा वर्ध्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला. सोळा वर्षं भाड्याच्या घरात गेली होती. गावाकडचं, रोहण्याचं बाबांचं वावर भावांनी विकलं आणि मी न मागता माझा हिस्सा माझ्या खात्यात टाकला, तेव्हा पहिल्यांदा हाती मोठी रक्कम आली. त्यातून आम्ही एका निवृत्त गुरुजींचं दोन खोल्यांचं घर ठरवलं. गुरुजींची बायको वारली होती. त्यांना नागपूरला मुलीजवळ जायचं होतं, आणि तिच्याच इमारतीत त्यांनी एक फ्लॅट पाहून ठेवला होता.

कागदपत्रांसाठी वकील गुरुजींनीच सुचवले. साठी ओलांडलेले, हळू बोलणारे गृहस्थ. दोन्ही बाजूंचं काम तेच बघणार होते. इसार देऊन झाला. उरलेले साडेबारा लाख महिनाअखेरच्या आत गुरुजींच्या खात्यात जमा करायचे आणि मग रजिस्ट्री, असं इसारपत्रात होतं. मुदत चुकली तर इसार बुडेल, हेही होतं.

गुरुजींनी आमच्यासमोर आपला खाते क्रमांक वहीच्या पानावर मराठी आकड्यांत लिहून वकिलांना दिला. वकिलांच्या ऑफिसात तो टाइप झाला, आणि त्या कागदावरून मी बँकेत पैसे पाठवायची स्लिप भरली. एकेका आकड्यावर बोट ठेवून तीनदा तपासलं. सगळं जुळत होतं.

दोन दिवसांनी गुरुजींचा फोन आला. पैसे आले नव्हते. मी बँकेत चौकशी केली तर पैसे त्याच दिवशी जमा झाल्याचं कळलं. संध्याकाळी आम्ही दोघं गुरुजींकडे गेलो आणि त्यांचं पासबुक त्या कागदाशेजारी ठेवलं. नवऱ्याला आधी दिसलं. शेवटून तिसरा आकडा पासबुकात एक होता, कागदावर नऊ. मग वहीचं पान आठवलं. गुरुजींच्या हातचा एक आणि नऊ जवळपास सारखाच दिसायचा.

साडेबारा लाख रुपये कुणा अनोळखी माणसाच्या खात्यात गेले होते. गुरुजी पासबुक मिटत म्हणाले, "मले एवढंच समजते बाई, पैसे माह्या खात्यात नाई."

दुसऱ्या दिवशी वकिलांनी कागद पाहिला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की बँकेनं नाव जुळवून पाहायला हवं होतं. गुरुजींच्या बँकेच्या मॅनेजरनं सांगितलं की पैसे नंबरावर जातात, नावावर नाही. ते खातं त्यांच्याच शाखेतलं होतं. पण खातेदाराचं नाव त्यांना सांगता येणार नव्हतं, आणि त्याच्या सहीशिवाय पैसे परतही करता येणार नव्हते. ते खातेदाराला पत्र पाठवणार होते. त्यासाठी त्यांना चुकीचा नंबर ज्यांनी दिला त्यांच्याकडून लेखी खुलासा हवा होता.

वकील म्हणाले, देतो. पण त्या दिवशी दिला नाही. मग ते नागपूरच्या कोर्टात होते. मग टाइपिस्ट सुट्टीवर होती. मग त्यांना ताप आला. असे सहा दिवस गेले.

त्या दिवसांत मी ड्युटी कशी केली ते माझं मला माहीत. वॉर्डात डॉक्टरांचं अक्षर रोज वाचते. आकड्याची शंका आली तर इंजेक्शन भरायच्या आधी फोन करून विचारते. मग गुरुजींना एक फोन का केला नाही? हा प्रश्न समुद्रपूर ते वर्धा एसटीच्या प्रवासात रोज माझ्याबरोबर असायचा. बाबांनी ज्या जमिनीत आयुष्य घातलं, ती मी एका स्लिपवर घालवली होती. भावांना कळवायची हिंमत होत नव्हती.

तेवढ्यात गुरुजींनी फोन उचलणं बंद केलं. शेजारच्या बाईंनी नवऱ्याला सांगितलं की काल एक जोडपं घर पाहून गेलं. महिना संपायला नऊ दिवस होते. नवरा रागानं वकिलाकडे निघाला होता. मी त्याला थांबवलं, अर्धी सुट्टी टाकली आणि स्वतः गेले.

तीन वाजल्यापासून मी त्यांच्या ऑफिसात बसून राहिले. आलेली माणसं एकेक करून गेली. टाइपिस्टही गेली. वकिलांनी फायली आवरल्या, तरी मी उठले नाही. तेव्हा ते समोरच्या खुर्चीत येऊन बसले. म्हणाले, "ताई, हे मी लिहून दिलं तर माझ्याविरुद्धचा पुरावा माझ्याच हातचा होतो. पस्तीस वर्षांत माझ्या कामाकडे कुणी बोट दाखवलेलं नाही."

मी म्हणाले, "साहेब, आमच्याकडं चूक झाली तर आम्ही आधी डॉक्टरांना सांगतो. आमची इज्जत नंतर बघतो. कारण पेशंट पलंगावर असतो."

मग त्यांनी कोरा कागद ओढला आणि हातानं चार ओळी लिहिल्या. खाली सही, शिक्का. सगळे आकडे त्यांनी इंग्रजीत लिहिले आणि बाजूला अक्षरांतही.

तो कागद बँकेत दिल्यावर चार दिवसांनी मॅनेजरचा फोन आला. खातेदार दुसऱ्या दिवशी बँकेत येणार होती. हो, ती बाई होती. सेलूजवळच्या एका गावात भाजीपाला पिकवणारी, माझ्याच वयाची. वकील न बोलावता आले. मॅनेजरनं कळवल्यावरून गुरुजीही आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर हातात पिशवी घेऊन बसले.

मॅनेजरनं तिला सगळं समजावलं आणि फॉर्म पुढं केला. तिनं पेन हातात घेतला, पण सही केली नाही.

"मले वाटलं, रस्त्यात गेलेल्या वावराचे आले," ती म्हणाली. "दोन वर्षांपासून वाट पाहून राह्यली मी. रोज मोबाइल पाहो."

तिच्या वांग्यांच्या वावरातून नवा रस्ता गेला होता आणि मोबदला अडकला होता. तिनं मॅनेजरला विचारलं, "मंग माहे कधी येतीन?" मला तिच्याकडे पाहवेना. गेले पंधरा दिवस मी त्या खातेदाराला मनातल्या मनात चोर म्हणत होते.

मग तिनं सांगितलं की बेचाळीस हजार तिनं काढले होते. विहिरीवर नवी मोटर बसवली होती. "आता मोटर काढून आणू का?" तिनं अगदी मनापासून विचारलं. साडेबारा लाखांत एक रुपया कमी असता तरी गुरुजी रजिस्ट्रीला उभे राहिले नसते, हे मला ठाऊक होतं, आणि आमच्याकडे दुसरे पैसे नव्हते.

वकील उभे राहिले. "मोटर राहू द्या, बाई. चूक माझी आहे. एकाच्या जागी नऊ माझ्या ऑफिसात पडला. ते पैसे मी भरतो."

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "भरा. पण मी फुकट घेणार नाई. माहे आले का देईन," ती म्हणाली आणि सही केली. अक्षर सावकाश, गोल, एकेक.

उरलेली रक्कम दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यात आली. या वेळी आम्ही गुरुजींना शेजारी बसवूनच नंबर भरला. वकिलांनी आधी एक रुपया पाठवला, तो पोचल्याचं गुरुजींच्या तोंडून ऐकलं, आणि मगच बेचाळीस हजार पाठवले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी रजिस्ट्री झाली. रांगेत उभे असताना गुरुजी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मी तुमाले फसवे समजलो होतो. दुसऱ्याले घरही दाखवलं." त्यांच्या जागी मी असते तर कदाचित तेच केलं असतं.

वकिलांनी आमच्याकडून फी घेतली नाही. मी आग्रह केला नाही. ते बरोबर होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

ती बाई मला वर्ध्याच्या बाजारात कधीकधी भेटते. तिचा मोबदला अजून पूर्ण आलेला नाही. पहिला हप्ता आला तेव्हा ती दहा हजार घेऊन वकिलांकडे गेली होती, असं तिनंच सांगितलं. त्यांनी घेतले का, हे मी विचारलं. ती वांगी तोलत म्हणाली, "घेतले. न घेऊन जातात कुठं. पावती लिहून मागतली मी."