न लिहिलेली गोळी

विरूपाक्ष गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या माझ्या दवाखान्यात पेशंट तपासत होतो. समोरच्या बाईंना गोळ्या लिहून दिल्या, त्या बाहेर गेल्या, आणि मग मात्र पुढच्या पेशंटला आत बोलावता येईना...

लातूरला शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मी डॉक्टर झालो. त्यानं घरची डाळमिल भावाकडे सोपवून रक्तदाबाच्या गोळ्यांचा छोटा कारखाना काढला. गोळीतली मूळ पावडर परदेशातून यायची. कोरोनात ती येईनाशी झाली, मशीन थांबली, आणि गोळ्यांसाठी आलेली माणसं फाटकाशी येऊन रिकाम्या हातानं परत गेली. ते त्याला फार लागलं. पुढं काही वर्षं खपून त्यानं ती पावडर लातुरातच तयार केली. उद्घाटनाला पाहुणा मीच होतो. औषधांसाठी देशानं दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू नये, असं बोललो, टाळ्याही घेतल्या.

नांदेडला परतलो आणि पूर्वीचीच मोठ्या कंपनीची गोळी लिहीत राहिलो. गोळ्यांच्या प्रत्येक खेपेच्या तपासणीचा अहवाल तो मला पाठवायचा. मी एकही उघडला नाही. त्याच्या गोळीत खोट आहे असं मला कोणी सांगितलं नव्हतं. ओळखीच्या माणसानं केलेली, ती कितीशी चांगली असणार, एवढंच मनात होतं... आज ते लिहितानाही लाज वाटते.

गेल्या वर्षी तो स्वतः तपासून घ्यायला आला. रक्तदाब वाढला होता. शाळेच्या गप्पांच्या नादात मी चिठ्ठी लिहून दिली. त्यानं ती दोनदा वाचली.

"मला बी दुसऱ्याचीच लिहिली की तू," तो म्हणाला.

सवयीनं झालं, म्हणत मी नवी चिठ्ठी लिहायला घेतली. त्यानं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. लोकांना लिहिली असती तर लई झालं असतं."

खप नसल्यानं दिवाळीत पावडरीचा विभाग बंद झाला, मग सगळा कारखानाच. उन्हाळ्यात झोपेतच त्याचं हृदय थांबलं.

महिन्याभरानं मी लातूरला गेलो. त्याची मुलगी गिरिजा मला कारखान्यातल्या एका थंड खोलीत घेऊन गेली. पुढं कुणाची तक्रार आली तर तपासता याव्यात म्हणून प्रत्येक खेपेतल्या थोड्या गोळ्या तिथं जपून ठेवलेल्या, डब्यांवर त्याच्या तिरप्या अक्षरातल्या तारखा. इथलं तापमान पाहिल्याशिवाय बाबा सकाळचा चहा घेत नसत, असं ती म्हणाली. आता ती पाहते. कारखाना बंद असताना कशासाठी, असं मी विचारलं.

"कुणीतरी ह्या गोळ्या अजून घेत असेल ना, काका. मुदत संपेपर्यंत जबाबदारी आपलीच हाय."

तिनं भिंतीवरच्या तक्त्यात त्या दिवसाचा आकडा लिहिला. मी दारातच उभा राहिलो.