दोह्याला कळवायचं नाही

हफीजाखालांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी आधी कोकम सरबत दिलं, मग माझ्या सासर-माहेरची चौकशी केली, मग माझ्या स्कूटरकडे बघून बाईमाणसानं एवढ्या लांब एकट्यानं हिंडू नये असं सुनावलं. एवढं सगळं झाल्यावर नातवाला माझ्यासमोर चटईवर ठेवलं. पाहुणचार आणि हुकूम त्यांच्या तोंडून एकाच दमात निघतात. मलाही कुणाचं ऐकून घ्यायची फारशी सवय नाही, त्यामुळे आमचं जमणार की फाटणार हे त्या दिवशी कुणालाच सांगता आलं नसतं.

मी दमयंती. रत्नागिरीत लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या बाळांपैकी बरीच डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेली असतात. एक गुणसूत्र जास्त, त्यामुळे स्नायू सैल आणि प्रत्येक गोष्ट उशिरा. उशिरा येते, पण येते. पहिल्या दोन-तीन वर्षांत पालथं घालणं, बसवणं, रांगवणं, घास चावायला शिकवणं, सतत बोलत राहणं हे घरच्यांनी रोज केलं तर पुढची वाट पुष्कळ सोपी होते. मी आठवड्यातून एकदा जाणार, खरं काम घराचं. म्हणून मी बाळाच्या आधी घर बघते.

हे घर गणपतीपुळ्याच्या रस्त्याला, खाडीचा पूल ओलांडला की उजव्या हाताला. जुन्या चिऱ्याच्या भिंती आणि वर आखाती पैशाचा नवा स्लॅब. घरात तीनच माणसं होती. हफीजाखाला, त्यांची सून इफ्फत आणि सहा महिन्यांचा अद्नान. अद्नानचा बाप झुबेर कतारमध्ये दोह्याला एसीची कामं करतो. इफ्फत गरोदर असतानाच तो गेला होता, त्यामुळे त्यानं पोराला बघितलं होतं ते फक्त फोनवर. अद्नानचं हृदय तपासून झालं होतं, ते ठणठणीत होतं. मान मात्र अजून डुगडुगत होती. तरी मी खुळखुळा वाजवला तसं त्यानं माझ्याकडे असं काही टक लावून पाहिलं की मी मनात म्हटलं, हा गडी काम करणार.

बाबा काय म्हणतात, असं मी सहज विचारलं. इफ्फतनं मान खाली घातली आणि सासूबाईंनी सरबताचा पेला उचलून आत नेला. मग कळलं. झुबेरला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

हा त्या घराचा कायदा होता आणि तो हफीजाखालांनीच केलेला होता. खरं तर त्या सगळ्या पट्ट्यातल्या घरांचा असतो. माणूस बाहेरदेशी असला की त्याला वाईट बातमी कळवायची नाही. आजारपण, भांडणं, मयतसुद्धा तो परत आल्यावर. खालांचे शोहर कमाल मालवाहू बोटीवर होते, आता ते नाहीत. त्यांची हयात समुद्रात गेली आणि इकडे ह्या बाईनं आंब्याची कलमं राखली, दोन नणंदांची लग्नं केली, घर उभं केलं आणि त्यांना कायम सांगितलं की सगळं मजेत आहे. त्या मला म्हणाल्या, "बाय, झुबेर उंच शिडीवर चढून काम करतो. डोक्यात ह्या सगळा घेऊन चढला नि पाय सरकला, तर मी कुणाला जाब विचारू?"

मी तो विषय तेवढ्यावर सोडला. मी व्यायाम दाखवले. छातीखाली गुंडाळी देऊन पालथं कसं घालायचं, पाय बेडकासारखे फाकू द्यायचे नाहीत, जीभ आत कशी न्यायची. इफ्फत हुशार, एकदा दाखवलं की तिला जमायचं. मी निर्धास्त होऊन परत आले.

पण आठवडे गेले तरी अद्नानची मान होती तिथंच. माझ्यासमोर इफ्फत सगळं बिनचूक करून दाखवायची, मग पाणी मुरत होतं कुठं? एकदा मी न सांगता दुपारी गेले तेव्हा उलगडा झाला. झुबेरचा फोन त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे आपल्या अडीचच्या सुमाराला यायचा आणि पुन्हा संध्याकाळी. पालथं घातलेलं, मान न पेलणारं पोर बापाला दिसू नये म्हणून त्याआधी त्याला पोटभर पाजून, टोपी घालून झोपवायचं. बाप बिचारा झोपलेल्या पोराचे गाल बघून खूश. दिवसातल्या दोन्ही चांगल्या वेळा, बाळाच्या अंगात जोर असतो त्या, फोनच्या नावानं झोपेत जात होत्या.

मी भडकले. मी म्हटलं, बाप काळजीत पडू नये म्हणून तुम्ही पोराचं वर्ष खाताय. हे दिवस नंतर विकत मिळत नाहीत. इफ्फतच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हफीजाखाला मात्र उठून आत गेल्या. त्यांनी मला चहा दिला, फणसाची सांदणं बांधून दिली आणि दारापर्यंत येऊन म्हणाल्या की सावकाश जा, गाड्या फार असतात. इतकं गोड बोलून मला आजवर कुणी घालवलेलं नाही.

आठ-दहा दिवसांनी त्यांचाच फोन आला. दुपारी ये म्हणाल्या. गेले तर अद्नान टक्क जागा, टोपी नाही, काही नाही. खाला ओटीवर फोन समोर ठेवून बसल्या होत्या. मला वाटलं, आपलं भांडण लागू पडलं. तसं काही नव्हतं.

फोन यायला वेळ होता, तेव्हा त्यांनी मला सांगितलं. झुबेरच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. कमाल बोटीवर असताना ती तापानं गेली. बोट बंदराला लागली की कमाल शेजारच्या दुकानात फोन करायचे आणि खाला दर वेळी सांगायच्या की पोरगी मजेत आहे. ते घरी आले आणि त्यांनी बॅगेतून पहिला काढला तो फ्रॉक. खरं कळल्यावर ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "इतके दिवस तू कुणाजवळ रडलीस?"

"मी बोलली, रडायला येळ कुणाला होता," खाला म्हणाल्या. "परवा इफ्फतला मागीलदारी बघितली. विहिरीच्या कठड्याला डोका टेकून उभी. माझी चाहूल लागली तशी तोंड पुसून हसली. अगदी मी हसायची तशी. मला माझीच भीती वाटली, बाय."

 तेवढ्यात फोन वाजला.

खालांनी आधी त्याला विचारलं की शिडीवर नाहीस ना, आणि त्याला खाली बसायला लावलं. मग सरळ सांगितलं. पोराला काय आहे, डॉक्टर काय म्हणाले, कधीपासून माहीत आहे आणि लपवायचं कुणी ठरवलं. स्वतःला कुठंही पाठीशी घातलं नाही. झुबेरनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यानं इफ्फतला द्यायला सांगितलं. ती फोन घेऊन आत गेली आणि त्या घरात मी तिला पहिल्यांदा मोकळेपणी रडताना ऐकलं. बाहेर खाला अद्नानला मांडीवर पालथा घेऊन त्याची पाठ चोळत होत्या.

त्यानंतर झुबेरनं आईशी बोलणं टाकलं. फोन रोज यायचा, पण इफ्फतला. अम्मीला सलाम सांग, एवढंच. मी खालांची समजूत घालायला गेले तर मलाच म्हणाल्या की रागावू दे, त्याचा हक्कच आहे, तू तुझं काम कर.

काम मात्र आता जोरात सुरू झालं. झुबेर मला फोनवर इतके प्रश्न विचारायचा की माझी दुपारची सुट्टी संपायची. इफ्फत महिन्यातून एकदा माझ्या केंद्रावर इतर आयांमध्ये येऊन बसू लागली आणि हळूहळू नव्या आयांना तीच धीर देऊ लागली. फोनची वेळ हीच व्यायामाची वेळ झाली. फोन चटईवर नारळाला टेकवून ठेवायचा, त्यात बाप, आणि समोर अद्नान पालथा. बापाचा आवाज आला की तो मान वर करायचा. मान धरली, मग हातांवर छाती उचलली, मग बसला. प्रत्येक गोष्टीला त्यानं आपला वेळ घेतला आणि एकही सोडली नाही.

सरपटणं तेवढं अडून बसलं होतं. बापाकडे बघून हसायचा, हात आपटायचा, पण जागचा हलायचा नाही. खाला फ्रेममध्ये न येता बाजूला बसून असायच्या. नारळ सरकवणं हे काम त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं. पोर जरा पुढे झुकलं की ह्या नारळ हळूच चार बोटं मागे ओढायच्या. इफ्फत म्हणायची, अम्मी, नका छळू त्याला. ह्या दाद देत नसत.

तो अद्नानच्या पहिल्या वाढदिवसानंतरचा कुठला तरी साधाच दिवस होता. झुबेर जेवता जेवता पोराशी गप्पा मारत होता. अद्नाननं एक कोपर पुढे टाकलं. थांबला. दुसरं टाकलं. पोट घासत निघाला. इफ्फत पुढे धावणार तसा मी तिचा हात धरला. खालांचा हात नारळावर होता. ह्या वेळी त्यांनी तो ओढला नाही. अद्नान धापा टाकत पोचला आणि त्यानं पूर्ण पंजा बापाच्या तोंडावर ठेवला.

फोनमधून झुबेरचा घाबरा आवाज आला. "अम्मी? अम्मी, काय झाला? सगळा काळोख झाला."

कित्येक महिन्यांनी त्यानं त्यांना हाक मारली होती. हफीजाखालांनी पदरानं डोळे टिपले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "काळोख नाय रे. तुझा पोरगा तुझ्यापर्यंत पोचलाय. त्याचा हात हाय तो."