कॅडर इद्रिसवरची संकष्टी

रघुवीरने जन्मात कधी उपास केला नाही. मेहकरला असताना एकादशीच्या दिवशी मुद्दाम कांदाभजी मागायचा आणि आईच्या शिव्या खायचा. बर्मिंगहॅमला आला, गाड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं राबला, रिटायर झाला, तरी खोड काही गेली नाही. महाराष्ट्र मंडळातल्या बायकांची तर तो भर कार्यक्रमात टर उडवायचा. इथे उन्हाळ्यात संकष्टीचा चंद्र उगवायला मध्यरात्र उलटते, म्हणून त्या बिचाऱ्या पुण्याची वेळ धरून संध्याकाळी पाचलाच उपास सोडायच्या. "म्हणजे गणपतीला घड्याळ कळत नाही असं समजता होय?" असं विचारून हा हसायचा. बायको रेखा तेवढी हसायची नाही.

पण २००४च्या जूनमधली संकष्टी वेगळी होती. त्यांची एकुलती एक लेक कस्तुरी, दोनदा पोटातलं गेलेलं, तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. रेखा नवस बोलली: बाळ हातात येईपर्यंत दर संकष्टी, पाण्याशिवाय काही नाही, आणि पुण्याचा चंद्र चालायचा नाही, इथला हवा. रेखाला डायबेटिस. ऐकून रघुवीरने कपाळाला हात लावला, पण तोंडातून ब्र काढला नाही. आजोबा व्हायची हाव त्याला तिच्याहून जास्त होती, फक्त ते कबूल कोण करणार!

नेमका संकष्टीच्या रविवारीच वेल्समधल्या कॅडर इद्रिस डोंगरावर जायचा बेत. डोंगराच्या कुशीत म्हणे ज्वालामुखीच्या तोंडात तळं आहे. खरं तर ते बर्फाने कोरलेलं, असं जाणकार सांगतात, पण लोणारच्या शेजारी वाढलेल्या माणसाला तळं दिसलं की विवरच दिसतं. "पुढच्या रविवारी जाऊ या का?" रेखाने विचारलं. "पुढच्या रविवारी पाऊस आहे," हा म्हणाला. झालं! सकाळी रोजच्यासारखी त्याने तिच्या हातावर डायबेटिसची गोळी ठेवली. औषधाने उपास मोडत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. पोटात अन्न नसताना ती गोळी रक्तातली साखर किती खाली ओढते, हे मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

चढाची सुरुवातच दगडी पायऱ्यांची, झाडीतून, बाजूला ओढा धो धो. रेखा चांगली चालत होती. झाडी संपून उघड्यावर आल्यावर ती थांबली.

"अहो, हातपाय कापतायत माझे. पोटात नुसती आग पडलीय. दोन खजूर खाऊ का?"

रघुवीरने तिच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता, पण चढावर घाम यायचाच. जन्मभर उपासाची टिंगल करणारा हा माणूस! "खा की" एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे कस्तुरीचं सुजलेलं तोंड आलं, दुसऱ्या वेळेचं, हॉस्पिटलमधलं. न जाणो, खरंच काही असलं तर?

"एवढा अर्धा दिवस काढलास," तो म्हणाला. "आता कशाला मोडतेस? पोरीसाठी थोडं सोस."

रेखाने पिशवीत घातलेला हात बाहेर काढला. "बरं," म्हणाली.

मग ती अडखळायला लागली. मध्येच चिडली, मध्येच म्हणाली, गॅस बंद केलाय ना, दूध उतू जाईल. रघुवीरला वाटलं, दमलीय, शिवाय रागावलीय माझ्यावर. त्याने तिला एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसवलं. "इथेच थांब. मी तळं बघतो आणि आलोच." चढ संपवल्याशिवाय आपण मागे फिरत नाही, हा त्याचा जुना अभिमान.

तळं ऐकलं होतं तसंच, काळंभोर, तीन बाजूंनी सरळसोट कडे. वाऱ्याने पाणी शहारत होतं. तो हरखून उभाच राहिला. आपल्या मेहकरच्या जुन्या दोस्तांना फोटो पाठवायचा म्हणून त्याने कॅमेरा काढला. तेवढ्यात पाऊस आला.

परत आला तेव्हा रेखा दगडाखाली कलंडली होती. कपडे घामाने आणि पावसाने चिंब, डोळे अर्धवट उघडे. "रेखा! अगं रेखा!" त्याने खजूर काढले, कुस्करले, तिच्या तोंडात कोंबले. खा गं, खा, मोडू दे मेलं ते! पण गिळायला हवं ना? खजूर ओठांतून तसाच बाहेर आला. फोनला रेंज नव्हती. एक वेल्श जोडपं वरून उतरत होतं, त्यातला नवरा मदत बोलवायला खाली धावला, बायकोने आपला कोट रेखाच्या अंगावर घातला. हेलिकॉप्टर आलं, पण फार उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी रेखा गेली, शुद्धीवर न येता.

डिसेंबरात कस्तुरीला मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, धडधाकट. बारशाला मंडळ लोटलं. त्यातल्या स्वातीताई डोळे पुसत म्हणाल्या, "रेखाचा नवस पावला हो! जीव दिला, पण बाळ दिलं तिने." एरवी असल्या बोलण्यावर रघुवीर तुटून पडला असता. आज त्याने मान डोलावली.

पाहुणे गेल्यावर कस्तुरी बाळाला घेऊन त्याच्याजवळ येऊन बसली.

"बाबा, एक विचारू? आईला बरं वाटत नव्हतं ना? मग तुम्ही तिला फोर्स का नाही केलं? तुमचा तर विश्वास पण नव्हता ना ह्या सगळ्यावर. तुम्ही तरी म्हणायचं, खा म्हणून."

रघुवीरने बाळाचं टोपडं सारखं केलं.

"म्हटलं होतं गं," तो म्हणाला. "दोनदा म्हटलं. पण तुझी आई! ऐकते कुठे ती कुणाचं?"