छगन मिस्त्रीचा कान आणि हितेंद्रचा दिवा

शिंदखेड्यात छगन मिस्त्रीच्या कानाचा दरारा होता. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून तो इंजिनाचं दुखणं सांगायचा. पण समोर हितेंद्रने गॅरेज टाकलं आणि छगनच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही केल्या थांबेना.

हितेंद्र जुन्या गाडीच्या डॅशबोर्डखाली तारेचा तुकडा जोडायचा आणि पिवळा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचा. वर बघ्यांना समजावून सांगायचा. इंजिन किती तापलं, हवा किती आली, हे सेन्सर आतल्या कंप्युटरला कळवतात. तो त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. एखादा सेन्सर भलतंच सांगू लागला की कंप्युटर ते लक्षात ठेवतो, आणि दिवा ठरावीक वेळा लुकलुकून तेच सांगतो. लोक माना डोलवायचे. छगनचा नुसता जळफळाट व्हायचा. आपण जन्मभर हात काळे केले आणि हा दिवे मोजून शहाणा!

नानांची जुनी गाडी तापली की बंद पडायची. छगनने प्लग पुसले, फिल्टर बदलला, गुण आला नाही. उद्या सकाळी समोर दाखवून घेतो, मग थोरल्या बहिणीला, अक्काला, डोळ्याच्या ऑपरेशनला धुळ्याला न्यायचंय, असं म्हणून नाना रात्रीपुरती गाडी छगनकडेच ठेवून गेले. इतकं जुनं गिऱ्हाईक, तेही चाललं समोर.

सकाळी छगनने बॅटरीची तार काढली, निवांत चहा पिऊन आला आणि परत जोडली. या जुन्या कंप्युटरची वीज तोडली की त्याच्या लक्षात असलेलं सगळं पुसलं जातं, एवढं त्याला ठाऊक होतं. मोज म्हणावं आता दिवे.

नाना अक्काला घेऊन आले आणि गाडी समोर नेली. दिव्याने सगळं ठीक दाखवलं. हितेंद्रने डोकं खाजवलं आणि नानांसह गाडी घेऊन सरळ छगनकडे आला. अक्का मागच्या सीटवर बसलेलीच होती.

"छगनभाऊ, दिवा काहीच सांगत नई. आते तुमना कानवरच भरोसा शे."

छगनने कान लावला. थंड इंजिन झकास चालत होतं, पण धुळ्याच्या वाटेत तापलं की ते बंद पडणार हे त्याला ठाऊक होतं. गाडी ठीक आहे म्हणून नुसती मान हलवली असती तरी त्याचा मान राहिला असता, आणि हलवावीशी त्याला फार वाटली.

"नाना, हाई गाडी लई जाऊ नका," तो म्हणाला. "बॅटरीनी तार मीच काढेल व्हती."

हितेंद्रने आपली गाडी काढली, अक्काला हात धरून बसवलं आणि धुळ्याच्या रस्त्याला लागला. छगनला लाज वाटलीच. पण त्याहून जास्त हेवा वाटला, कारण त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाची अक्का शेवटी हितेंद्रच्या गाडीत बसून गेली होती.